पडायचंच असेल तर मागे पड

"मॅडम, मला रक्त बघवत नाही. मग मी डॉक्टर कशी होणार?" एमबीबीएसच्या मुलांची वॉर्डातली पोस्टिंग सुरू झाली की हा प्रश्न घेऊन दोन-चार जण तरी समुपदेशनासाठी माझ्याकडे येतातच. त्यांतल्याच एकीची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती आली तेव्हा हनुवटीवरचे टाके निघाले होते, खूण अजून लाल होती. सर्जरीच्या पोस्टिंगचा पहिलाच दिवस. आठला ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, पोचायचं म्हणून मेसचा नाश्ता सोडून नुसत्या चहावर गेली. हर्नियाची केस. टेबलाभोवती सर, रेसिडेंट आणि सिस्टर, आणि त्यांच्या मागे माना उंचावून उभी असलेली सहा मुलं. चीर दिली तेव्हा तिला काहीच झालं नाही. मग कॉटरी, म्हणजे रक्तस्राव थांबवायला जाळायचं उपकरण, लागली आणि केस जळल्यासारखा वास आला. "सरांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायला लागला. नंतर एकदम वरचे दिवे दिसले, आणि ओटीतले वॉर्डबॉय मामा म्हणत होते, पोरीचे पाय वर धरा."

त्यानंतर तीन आठवडे ती ओटीकडे फिरकली नव्हती. कधी पोटदुखी, कधी पाळी, कधी मैत्रिणीनं मारलेली प्रॉक्सी. क्लिनिकल्सना ८० टक्के हजेरी लागते. अजून किती दिवस बुडवता येतील याचा हिशेब तिनं वहीच्या मागच्या पानावर मांडला होता, तो मला दाखवला. मला काळजी वाटली ती त्या पानाची. चक्कर एक मिनिटाची होती, लपणं तीन आठवड्यांचं.

वडील लातूरकडचे, शाळेत विज्ञान शिकवतात. फोनवर म्हणाले, "मॅडम, डार्विननंसुद्धा डॉक्टरकी सोडली होती. लेकराला झेपत नसंल तर आत्ताच सांगा."

गुरुजींचं बरोबर होतं. १८२५ मध्ये एडिंबराला वैद्यकी शिकायला गेलेला डार्विन दोन शस्त्रक्रिया अर्ध्यावर सोडून बाहेर पळाला होता. पण त्यातली एक लहान मुलावरची होती आणि क्लोरोफॉर्म यायला अजून वीसेक वर्षं होती. ते बघून पळणारा माझ्या मते शहाणाच. हिनं पाहिलेल्या पेशंटला स्पायनल, म्हणजे पाठीत देऊन खालचं अंग बधिर करणारं इंजेक्शन, दिलेलं होतं, आणि तो मध्येच सिस्टरला जेवण कधी मिळेल ते विचारत होता.

आधी तिला फिजिशियनकडे पाठवलं. पहिल्यांदाच बेशुद्ध पडलेल्या माणसाचा ईसीजी, बीपी आणि रक्त तपासल्याशिवाय मी 'मनाचं आहे' असं म्हणत नाही. हृदय ठीक होतं, हिमोग्लोबिन साडेनऊ निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या.

मग आमचं काम. साप बघून छाती धडधडते, पण सहसा कोणी बेशुद्ध पडत नाही. रक्ताचं तसं नाही. नाडी आणि बीपी आधी चढतात आणि मग धाडकन उतरतात, मेंदूला रक्त कमी पडतं. त्यात उपाशी पोट, मास्कची घुसमट, आणि तासभर गुडघे ताठ ठेवून उभं राहिल्यानं पायांत साठलेलं रक्त. इथे धीट कोण आणि भित्रा कोण हा प्रश्नच येत नाही.

तिची आजी म्हणायची दीर्घ श्वास घे, अंग सैल सोड. एरवी ठीक, पण या चक्करेत अंग सैल सोडलं तर बीपी आणखी उतरू शकतं. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ऑस्ट यांनी १९८०च्या दशकात यासाठी उलटी युक्ती काढली. हात, पोट, मांड्या घट्ट आवळायच्या, दहा-पंधरा सेकंद, चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत. मग नेहमीसारखं व्हायचं, अर्धा मिनिट थांबायचं, पुन्हा आवळायचं. असं पाच वेळा. माझ्यासमोर खुर्चीत बसून पहिल्यांदा तिनं मुठी आवळल्या तेव्हा हसू फुटलं. तिसऱ्या वेळी कान लाल झाले.

आधी सुईचं चित्र, मग टाके घालतानाचा व्हिडिओ, मग ड्रेसिंग रूम. प्रत्येक पायरीवर मुठी. ड्रेसिंगमध्ये एका मधुमेही आजोबांचा पाय बघून मळमळून तोंडाला पाणी सुटलं, पण तिथेच टिकली. ती पायरी आम्ही तीनदा केली.

ओटीत परत जायच्या आदल्या दिवशी मी एकच अट घातली: सिस्टरना आधी सांगायचं. ते तिला पडण्यापेक्षा जड गेलं. सिस्टर म्हणाल्या, "भिंतीशी उभी राहा. डोळ्यांपुढे अंधारी आली की सरळ खाली बसायचं, लाजायचं नाही. आणि पडायचंच असेल तर मागे पड, माझ्या ट्रॉलीवर नको."

रात्री मेसेज आला. चाळीस मिनिटं उभी होती, मग खाली बसली, पाच मिनिटांनी उठली, शेवटचा टाका बघितला. खाली आणखी एक ओळ: 'मॅडम, आज पोहे दोन प्लेट खाऊन गेले होते.'