टेक्सासला इन्कम टॅक्स नाही, मग आम्ही का जाऊ नये?

प्रश्न : आम्ही २६ वर्षं न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आहोत. यजमान ६२ वर्षांचे, मी ५९. घराचं कर्ज फिटलंय, पण प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला १३,४०० डॉलरवर गेलाय. यजमानांची कंपनी मॅनहॅटनमध्ये आहे, पगार १ लाख ७० हजार. २०२० पासून ते घरूनच काम करतात, अजून चार वर्षं करतील. कंपनी म्हणते, कुठूनही काम करा. माझी मैत्रीण दोन वर्षांपूर्वी डॅलसजवळ राहायला गेली. दर फोनवर तिचं एकच : "इथे इन्कम टॅक्सच नाही, तुम्ही तिकडे कशाला पैसे घालवताय?" ८४ वर्षांच्या सासूबाई आमच्याकडेच असतात. घर विकून टेक्सासला जावं का? — एक वाचक, एडिसन

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचताना आमचं जुनं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आलं. मी सोळा वर्षं एडिसनमध्ये राहून लोकांचे टॅक्स भरले आणि २०१७ मध्ये आम्हीच घर विकून डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत आलो. त्याआधीचं अख्खं वर्ष आमच्याकडेही रात्रीच्या जेवणाला हाच विषय असायचा. म्हणून तुम्हाला मोकळेपणाने लिहिते.

आधी यजमानांचा डब्ल्यू-टू, म्हणजे कंपनी दरवर्षी देते तो पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा कागद, काढा आणि खाली डावीकडे पंधरा नंबरची चौकट बघा. तिथे न्यूयॉर्कचं नाव असणार. काम एडिसनच्या बेसमेंटमध्ये होतं, पण टॅक्स घेतं न्यूयॉर्क. त्यांचा नियम असा, की ऑफिस न्यूयॉर्कमध्ये असेल आणि माणूस स्वतःच्या सोयीसाठी दुसऱ्या राज्यातून काम करत असेल, तर तो दिवस न्यूयॉर्कमध्येच भरला असं धरायचं. तुमच्या पगारावर हे साधारण नऊ हजार डॉलर होतात. न्यू जर्सी त्याचं क्रेडिट देतं, म्हणजे तिकडे भरलेला टॅक्स इकडच्या टॅक्समधून वजा करतं, म्हणून यजमानांच्या पगारावर न्यू जर्सीला तुम्ही आजही जवळजवळ काही भरत नाही. मागच्या वर्षीचं रिटर्न उघडून खात्री करा.

आता तुम्ही टेक्सासला आलात असं धरू. नोकरी तीच, ऑफिस तेच. म्हणजे न्यूयॉर्कचे नऊ हजार तसेच चालू राहतील. "कुठूनही काम करा" हे कंपनीचं वाक्य ऐकायला गोड आहे, पण न्यूयॉर्कच्या टॅक्सखात्यासमोर तेच तुमच्या विरुद्ध जातं. कंपनीची गरज नव्हती, तुमची सोय होती, असाच त्याचा अर्थ निघतो. कंपनीचं टेक्सासमध्ये खरंखुरं ऑफिस असेल आणि यजमानांची तिथे लेखी बदली झाली, तरच चित्र बदलतं. मैत्रिणीच्या घरातली नोकरी बहुधा डॅलसचीच असेल. तिचं म्हणणं तिच्यापुरतं खरं आहे.

प्रॉपर्टी टॅक्सचं दुखणं मात्र खरं आहे, त्यात तुम्ही काही वाढवून सांगत नाही. अख्ख्या अमेरिकेत न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स सगळ्यांत जड, राज्याची सरासरीच दहा हजारांच्या वर. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर : त्या चार चेकचा धसका मला अजून आठवतो. निम्म्याहून अधिक पैसा शाळांना जातो, आणि मुलं शिकून बाहेर पडल्यावर तो जास्तच टोचतो. इथे साडेपाच लाखांचं घर घेतलंत, तर राहत्या घराला मिळणारी होमस्टेड सवलत धरून पावणेआठ हजारांच्या आसपास बिल येईल. म्हणजे वर्षाला साडेपाच-पावणेसहा हजार वाचले.

पण घराच्या विम्याचंही विचारा. एडिसनमध्ये शेवटच्या वर्षी आम्ही १,४५० डॉलर भरले होते, इथे यंदा ५,१०० भरले. कारण गारा. एकदा दुपारी चार वाजता आभाळ हिरवट झालं, आणि पाच मिनिटांत लिंबाएवढ्या गारा पडायला लागल्या. गॅरेजचं दार बंद करून आत उभी होते, पत्र्यावर कोणी दगड मारतंय असा आवाज. छप्पर पूर्ण बदलावं लागलं. विमा होता, पण गारांसाठी डिडक्टिबल घराच्या विम्याच्या रकमेच्या दोन टक्के असतं, त्यामुळे पहिले दहा हजार आमच्याच खिशातून गेले.

आणि जमीन. मी मूळची लातूरची. इथली माती पहिल्या उन्हाळ्यात पाहिली आणि ओळख पटली. तीच काळी, चिकट माती, पावसात फुगणारी आणि उन्हात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. आमच्याकडे त्या मातीत कापूस-सोयाबीन घेतात, इथे तिच्यावर काँक्रीटचा स्लॅब टाकून घर उभं करतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये घराच्या चारही बाजूंनी पाझरणारा पाइप टाकून पायाला पाणी घालावं लागतं. नाही घातलं तर दारं चौकटीत अडकतात, भिंतीला तिरकी चीर जाते. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये हे नसतं.

विमा वजा केला की साडेपाच हजारांतले दोनेक हजार उरतात. साडेसात लाखांचं घर विकताना एजंटचं कमिशन, ट्रान्सफर फी, वकील आणि सामानाचा ट्रक मिळून चाळीस हजारांच्या पुढे जातात. खरा फायदा एकच : घराच्या किमतीतला फरक, हा खर्च वजा जाऊन दीड लाखाच्या आसपास, हातात येतो. निवृत्तीसाठी पैसे कमी पडत असतील, तर त्याची किंमत मोठी आहे. तुम्हाला कमी पडतायत का, ते पत्रात नाही. बसून बघा.

दुसरं म्हणजे यजमानांचं वय. तीन वर्षांत ते ६५ चे होतील. न्यू जर्सीने ज्येष्ठांसाठी 'स्टे एनजे' योजना सुरू केली आहे. ती प्रॉपर्टी टॅक्सचा निम्म्यापर्यंतचा भार, एका मर्यादेत, परत देण्यासाठी आहे. पैसा दरवर्षी बजेटमध्ये मंजूर व्हावा लागतो, त्यामुळे रक्कम गृहीत धरू नका, पण योजना लक्षात ठेवा. न्यू जर्सी सोशल सिक्युरिटीवर टॅक्स घेत नाही. ६२ नंतर जोडप्याचं एकूण उत्पन्न लाखाच्या आत असेल तर पेन्शन आणि आयआरएच्या, म्हणजे निवृत्तीच्या बचतखात्याच्या, पैशावरही राज्याचा टॅक्स लागत नाही, आणि दीड लाखापर्यंत थोडी सूट मिळते. टेक्साससुद्धा ६५ नंतर शाळेचा टॅक्स गोठवतं, ते चांगलं आहे. पण निवृत्त माणसाला न्यू जर्सी खाऊन टाकतं, असं जे सरसकट म्हटलं जातं, ते मी भरलेल्या रिटर्नांमध्ये मला दिसलेलं नाही. कमावत्या, कर्ज असलेल्या मधल्या वयाच्या लोकांनाच ते जास्त लागतं.

आता सासूबाई. पत्रात त्या एका ओळीत आल्या आहेत, माझ्या मते पहिल्या ओळीत यायला हव्या होत्या.

माझ्या सासूबाई एडिसनमध्ये आमच्याजवळ होत्या. सकाळी सव्वाआठला ज्येष्ठांच्या डे-केअरची व्हॅन दारात यायची. त्या साडेसातपासून तयार. इस्त्रीची सुती साडी, पायात मोजे, पर्समध्ये जपमाळ आणि खडीसाखरेची पुडी. तिथे वरण-भात, भजन, ब्लडप्रेशर बघायला नर्स, आणि मुख्य म्हणजे भांडायला आणि रुसायला आठ-दहा बायका. गुजराती मैत्रिणींकडून त्या ढोकळा शिकल्या, त्यांना पुरणपोळी शिकवली. संध्याकाळी ओक ट्री रोडवर भाजी आणायला माझ्याबरोबर यायच्या आणि ओळखीची चार माणसं भेटल्याशिवाय परतायच्या नाहीत.

फ्रिस्कोत त्यांना आम्ही मोठी खोली दिली, खाली, स्वतंत्र बाथरूमसह. पण घराबाहेर पडायचं तर गाडी. कोपऱ्यावरचं दुकान म्हणजे दोन मैल. डे-केअरचा खर्च मेडिकेड ही सरकारी आरोग्ययोजना करायची, आणि मेडिकेड राज्याराज्याचं वेगळं असतं. न्यू जर्सीचं बंद करून टेक्सासमध्ये नव्याने अर्ज करावा लागतो, नियम वेगळे, निकाल येईपर्यंत वाट बघायची. आमचे सात महिने गेले. तोवर त्या खिडकीत बसून राहिल्या. सुरुवातीला शेजाऱ्यांच्या गाड्या मोजायच्या, मग तेही थांबलं. एकदा मी विचारलं, "आई, जेवण आवडलं नाही का?" तर म्हणाल्या, "जेवण चांगलंय गं. सांगायला कोणी नाही." दीड वर्षाने त्या पुण्याला दिरांकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. मी तेव्हा टॅक्सच्या प्रत्येक ओळीचा हिशेब केला होता, त्या व्हॅनचा नव्हता केला.

आता इथे डॅलसकडे मराठी माणसं खूप आहेत, २०१९ चं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशनही इथेच झालं. गणपतीला हॉल पुरत नाही. पण तो उत्साह पन्नाशीच्या आतल्या लोकांचा. ८४ वर्षांच्या बाईचा मंगळवार कसा जाईल, हा प्रश्न वेगळा आहे.

माझा सल्ला स्पष्ट आहे : यजमानांची न्यूयॉर्कची नोकरी आहे तोवर घर विकू नका. जायचंच असं मनात पक्कं असेल तर उन्हाळ्यात, हो, ऐन ऑगस्टमध्येच, सासूबाईंसकट दोन महिने इथे भाड्याने राहून बघा. परत गेल्यावर त्यांना एकट्यांना बसवून विचारा, मुलासमोर नको. मुलासमोर त्या "तुमची इच्छा" म्हणतील.

प्रश्न : न्यू जर्सी सोडताना 'एक्झिट टॅक्स' म्हणून घराच्या किमतीचे दोन टक्के कापतात म्हणे. हे खरं आहे का? आमचं घर १९९८ मध्ये २ लाख १० हजाराला घेतलेलं, आता ७ लाख ६० हजार म्हणतात. — एक वाचक, पिस्कॅटवे

उत्तर : राज्य सोडण्याचा असा वेगळा टॅक्स नाही. घर विकून बाहेर जाणाऱ्याने नफ्यावरचा टॅक्स बुडवू नये म्हणून तो क्लोजिंगलाच, म्हणजे विक्रीचा व्यवहार पूर्ण होतानाच, आगाऊ घेतात : किमतीचे किमान २ टक्के, किंवा नफ्यावर १०.७५ टक्के, जे जास्त असेल ते. रिटर्न भरल्यावर जास्तीचं परत मिळतं. आणि राहतं घर असेल, शेवटच्या पाच वर्षांत दोन वर्षं त्यात राहिला असाल, तर जोडप्याला पाच लाखांपर्यंतचा नफा माफ असतो. तेवढ्यात बसत असाल तर वकिलाकडून या आगाऊ कपातीतून सूट मागणारा जीआयटी/आरईपी-३ फॉर्म भरून घ्या, बहुतेकांना काहीच भरावं लागत नाही. तुमचा नफा साडेपाच लाख दिसतो, म्हणजे पन्नास हजार वर जातात. पण नवं किचन, नवं छप्पर, वाढवलेली खोली, डेक हे सगळं मूळ किमतीत धरता येतं, शिवाय विकतानाचा खर्चही वजा होतो. जुन्या पावत्या शोधा. आज रात्रीच बेसमेंटमधली ती खोकी उघडा.

प्रश्न : आम्ही दोघं चौतिशीतले, जर्सी सिटीत भाड्याने राहतो, महिना ३,९०० डॉलर. मुलं चार आणि एक वर्षाची. माझ्या कंपनीचं डॅलसजवळ प्लेनोमध्ये ऑफिस आहे आणि तिथे बदली मिळते आहे. नवऱ्याचीही नोकरी तिथे जमेल. सलायनाकडे नवं घर बघतोय. काही राहून जातंय का? — एक वाचक, जर्सी सिटी

उत्तर : जा. पगार टेक्सासच्या ऑफिसमधून येणार, मुलं लहान, विकायला घर नाही. तुमच्यासाठी ही वाट सरळ आहे.

फक्त आमच्यासारखं होऊ देऊ नका. आम्ही ऑक्टोबर २०१७ मध्ये अगदी नवं घर घेतलं. टेक्सासमध्ये १ जानेवारीला जे उभं असेल त्यावर त्या वर्षाचा टॅक्स लागतो, आणि त्या जानेवारीला आमच्या जागी नुसता प्लॉट होता. बिल आलं सतराशे डॉलरचं. कर्ज देणाऱ्या कंपनीने तोच आकडा धरून एस्क्रोचा, म्हणजे टॅक्ससाठी कर्जाच्या हप्त्याबरोबर बाजूला ठेवायच्या पैशांचा, हप्ता बसवला. आम्ही खूश, नवं फर्निचर घेतलं. पुढच्या वर्षी पूर्ण घराचं बिल आलं, नऊ हजारांचं. एस्क्रोत सात हजारांची तूट. मागची तूट आणि पुढची वाढ मिळून हप्ता एकदम बाराशे डॉलरने वाढला. ते पत्र हातात घेऊन मी जिन्याच्या पायरीवर बसले होते. इतरांचे टॅक्स भरणारी बाई मी, आणि माझ्या घरात हे झालं. कंपनीने कायद्याबाहेर काही केलं नव्हतं. विचारायला हवं होतं मी.

म्हणून क्लोजिंगच्या आधी बिल्डरला विचारा : घर पूर्ण झाल्यावर सगळे प्रॉपर्टी टॅक्स धरून दर किती? त्यात 'मड' आहे का? नव्या वसाहतीत पाणी आणि ड्रेनेजसाठी काढलेल्या बाँडची परतफेड या मडमधून होते, आणि त्याने एकूण दर दोन टक्क्यांच्या वर, कधी अडीचपर्यंतही जातो. सहा लाखांच्या घराला हा फरक वर्षाला चार-पाच हजारांचा आहे. रस्त्याच्या एका बाजूला मड, दुसऱ्या बाजूला नाही, असंही सापडतं. कर्जवाल्यांना लेखी सांगा, एस्क्रो पूर्ण घराच्या किमतीवर बसवा.

राहायला गेलात की ड्रायव्हिंग लायसन्सवर नवा पत्ता घाला आणि होमस्टेडचा अर्ज करा. तो आपोआप होत नाही, आणि त्याचे पैसे मागणारी पत्रं आली तर फाडून टाका, अर्ज फुकट असतो. वसंतात अॅप्रेझल डिस्ट्रिक्टची, म्हणजे टॅक्ससाठी घराची किंमत ठरवणाऱ्या खात्याची, नोटीस येईल. किंमत जास्त वाटली तर साधारण १५ मेपर्यंत हरकत घेता येते. शेजारच्या तीन विक्रीचे आकडे आणि घराच्या दोषांचे फोटो घेऊन जा. मी दरवर्षी जाते, आणि वीस मिनिटांत काम होतं.

आणि सोसायटीत मुलांना सायकलवर दोन फेऱ्या मारता येतील का, तेही घर बघायला जाल त्याच दिवशी चालून बघा. आणि जाल ते दुपारी तीनच्या उन्हात जा, सकाळी नको.