माहितीपट करून घेताना

प्रश्न : मिरजेच्या तंबोरा-कारागिरीवर आमचे संगीत मंडळ व्यावसायिक दिग्दर्शकाकडून माहितीपट करून घेणार आहे. करारात काय असावे?

उत्तर : १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रपटाचा प्रथम मालक, विरुद्ध करार नसल्यास, तो करवून घेणाराच असतो; तरीही हे स्पष्ट लिहावे, आणि संकलनात वगळलेले मूळ चित्रीकरण कोणाकडे राहील, हेही लिहावे, कारण भांडणे बहुधा तिथेच होतात. तंबोऱ्यावर कोणी गाणार असल्यास त्या कलावंताची लेखी संमती वेगळी घ्यावी.

वेळापत्रक मात्र दिग्दर्शकाच्या नव्हे, कारागिराच्या सोयीने ठरवावे. तंबोऱ्याचा भोपळा पिकून वाळण्यास काही महिने लागतात, त्यामुळे चार दिवसांच्या एकाच फेरीत सारे टिपण्याचा आग्रह धरल्यास कारागिराला कामाचा अभिनय करावा लागतो, आणि तो पडद्यावर लपत नाही. जवारी लावताना, म्हणजे तारेचा नाद गुंजता करताना, घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा) पृष्ठभाग किंचित घासून तार छेडून पाहतात. तेथे निवेदन आणि पार्श्वसंगीत दोन्ही नसावे, असे मला वाटते, आणि ध्वनिमुद्रकाच्या मानधनात काटकसर तर मुळीच करू नये. कारागिराच्या बुडालेल्या दिवसांचा मोबदला अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरावा.