पेन त्याच्याच हातात राहू दे

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी भौतिकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षाच्या यांत्रिकी विषयासाठी विभागाने यंदा मला ‘पीअर लर्निंग असिस्टंट’ म्हणून घेतलं. आठवड्यातून दोनदा वीसेक मुलं चार-चारच्या गटांत उदाहरणं सोडवायला बसतात आणि मी गटागटांतून फिरते. गुण देणं, हजेरी घेणं माझ्याकडे नाही. पहिले पाच आठवडे बरे गेले. गेल्या आठवड्यात मात्र उतारावरून घरंगळणाऱ्या चेंडूच्या उदाहरणात मी घर्षणाची दिशा उलटी सांगितली. घर्षण चेंडूला पुढे ढकलतं, म्हणजे ते उताराच्या खालच्या दिशेने, असं ठामपणे म्हणाले. चौघांनी तसंच लिहून घेतलं. घरी आल्यावर चूक लक्षात आली आणि रात्रभर झोप नाही. आमच्या वर्गात माझ्यापेक्षा जास्त गुणांची निदान सहा मुलं आहेत, त्यांना सोडून मला का घेतलं तेच कळत नाही. त्यात मुलं सारखी ‘ताई, उत्तर बरोबर आहे का एवढंच सांग’ म्हणून मागे लागतात. नाही सांगितलं तर तोंड पाडून बसतात, सांगितलं तर पान उलटून पुढे जातात. हे काम सोडून द्यावं का?
— तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी

उत्तर : सोडू नकोस. आधी त्या चेंडूचं बघू, कारण झोप त्याने उडवली आहे.

पुढच्या तासाला पोचल्यापोचल्या त्याच गटापाशी जा आणि सरळ सांग, ‘मागच्या वेळी मी घर्षणाची दिशा चुकीची सांगितली. का चुकीची, ते आपण मिळून शोधू या.’ माफीवर फार वेळ घालवू नकोस. पाच वाक्यांची माफी मागितलीस तर मुलांना तुझीच समजूत काढत बसावं लागेल. त्याऐवजी त्यांना विचार, चेंडू घरंगळतोय म्हणजे फिरतोय, मग त्याला फिरवतंय कोण? गुरुत्वाकर्षण त्याच्या केंद्रातून जातं. पृष्ठभागाचा लंब दिशेतला रेटाही केंद्रातूनच जातो. या दोघांना चेंडू खाली नेता येतो किंवा टेकवून ठेवता येतो, फिरवता काही येत नाही. राहिलं एकटं घर्षण. ते उताराच्या वरच्या दिशेने लागलं तरच चेंडू खाली जाताना जसा फिरायला हवा तसा फिरतो. हे त्यांच्या तोंडून येऊ दे, वेळ लागला तरी चालेल. माझा अंदाज आहे, घर्षणाची दिशा त्या चौघांना वर्गातल्या इतर सगळ्यांपेक्षा जास्त दिवस लक्षात राहील. आणि विषय शिकवणाऱ्या सरांच्या किंवा बाईंच्याही कानावर घाल. त्यांना ते तुझ्याकडून कळलेलं बरं.

मी स्वतः दोन वर्षं हे काम केलं, तेही यांत्रिकीचंच. माझी चूक तुझ्याहून मोठी होती. मोठी अशासाठी की कितीतरी आठवडे मला ती चूक वाटलीच नाही. एक मुलगा कप्पीच्या उदाहरणात अडायचा. दोरीच्या दोन टोकांना दोन वजनं, त्वरण काढा. तो अडला की मी त्याच्या हातातलं पेन घ्यायचो, प्रत्येक वजनावरची बलं बाणांनी दाखवायचो, दोन समीकरणं मांडायचो, बेरीज करायचो. चार ओळींत काम फत्ते. तो मान डोलवायचा, ‘समजलं, दादा.’ मलाही बरं वाटायचं. एका आठवड्यात मी तेच उदाहरण वजनं बदलून दिलं आणि तो पहिल्याच ओळीला थांबला. कोरा कागद माझ्याकडे सरकवला आणि वर पेन ठेवलं. त्याने ते इतक्या सहज केलं की मी हादरलो. इतक्या आठवड्यांत मी त्याला एवढंच शिकवलं होतं, की अडलं की पेन पुढे करायचं.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळला. दुसऱ्याच्या कागदावर आपण लिहायचं नाही. फारच हात शिवशिवले तर हात टेबलाखाली. समोर उभं राहण्यापेक्षा शेजारी बसायचं, म्हणजे कागद दोघांनाही सरळ दिसतो आणि आपण परीक्षक वाटत नाही. ‘समजलं का?’ हा प्रश्न मी सोडूनच दिला, कारण त्याला ‘हो’ सोडून दुसरं उत्तर येतच नाही. ‘आता पुढची ओळ काय येईल?’ असं विचारलं की खरं काय ते दिसतं.

विचारल्यावर थांबायचं, हे सगळ्यात अवघड. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांमधल्या संभाषणांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबत होते. तोच थांबा तीन सेकंदांवर नेला, तर मुलांची उत्तरं लांबली आणि न विचारता बोलणारी मुलं वाढली. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. चार जण कागदाकडे बघत गप्प बसलेले असताना मोजून बघ, किती लांब जातात ते. मी मनात दहापर्यंत आकडे मोजायचो. एकदा विचारलं होतं, वर फेकलेला चेंडू अगदी टोकाला पोचला त्या क्षणी त्याच्यावर बल किती? तिघांनी शून्य म्हटलं, कारण वेग शून्य. मी विचारलं, ‘बल शून्य असेल तर पुढच्या क्षणी चेंडू काय करेल?’ आणि मोजायला लागलो. सात, आठ. मग एक मुलगी हळूच म्हणाली, ‘तिथेच लटकून राहील.’ दुसरी हसली, आणि पहिल्या तिघांनी आपापली ओळ स्वतःच खोडली. मी चौथ्या आकड्याला तोंड उघडलं असतं तर ते वाक्य तिचं झालं नसतं.

आता तुझा दुसरा प्रश्न, तुलाच का घेतलं. तुझ्या पत्रात मला हाच जास्त महत्त्वाचा वाटला. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एक प्रयोग केला होता. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांची चाल टेबलावर बोटांनी वाजवायची, ऐकणाऱ्यांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं, निम्मी तरी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात गाणं सुरू असतं, म्हणून आपली टकटक इतकी साधी वाटते. ऐकणाऱ्याला नुसती टकटकच ऐकू येते. ज्याला यांत्रिकी कधी अडलीच नाही त्याची गत त्या वाजवणाऱ्यासारखी होते. ‘हे तर उघड आहे’ म्हणून तो नेमकी तीच पायरी गाळतो, जिथे पहिल्या वर्षाचा मुलगा पडतो. तू तिथे दोन वर्षांपूर्वी पडली आहेस आणि कसं उठायचं ते अजून विसरलेली नाहीस. गुणांच्या यादीत हे दिसत नाही. ते टिकतही नाही. आणखी पाच वर्षांनी तुलाही ही पायरी उघड वाटायला लागेल. म्हणून ही वेळ वाया घालवू नकोस.

तुला सगळं येत असावं अशी अपेक्षा मुळात या कामात नाही. मिझुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी इथल्या शाखेत डिआना मार्टिन यांनी १९७३ साली ‘सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन’, म्हणजे विद्यार्थ्यानेच चालवलेले जादा अभ्यासगट, सुरू केलं, तेव्हा त्यांनी कच्चे विद्यार्थी वेचून काढले नाहीत, अवघड विषय निवडले. त्या विषयाला बसलेला कुणीही येऊ शकतो, हुशारही आणि नापास होण्याच्या बेताला आलेलाही, त्यामुळे यायची लाज वाटत नाही. तिथे मदत करणारा विद्यार्थी त्याच विषयाच्या व्याख्यानांना पुन्हा जाऊन बसतो, वहीत टिपणं काढतो. तुला जमत असेल तर तूही बस. मी बसायचो. शिकवणारे सर कुठली खूण वापरतात, कुठल्या व्याख्येवर भर देतात ते कळतं, आणि मुलं ‘सरांनी वेगळं सांगितलं’ म्हणाली की गोंधळ होत नाही. तासाच्या आदल्या दिवशी ती उदाहरणं स्वतः कोऱ्या कागदावर सोडवून बघ आणि आपण कुठे थबकलो त्या जागी पेन्सिलीने खूण कर. मुलं बहुतेक तिथेच थबकतील. विभागाकडे आठवड्याला अर्ध्या तासाची बैठकही माग. ज्यांना या कामाला घेतात त्यांना तयारीशिवाय सोडणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

एवढं करूनही अडशील. तेव्हा ‘मलाही आत्ता सुचत नाहीये, काय काय माहीत आहे ते लिहून बघू’ असं म्हण आणि खरोखर बघ. जाणत्या माणसालाही अडतं आणि अडल्यावर तो असं असं करतो, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना पाहायला कुठे मिळतं? फळ्यावर तर सगळं आधीच सुटलेलं असतं.

‘बरोबर आहे का एवढंच सांग’ याबद्दल. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात १९९०च्या दशकात रसायनशास्त्रासाठी गटाने शिकण्याची जी पद्धत रुजली, तिच्यात गट चालवणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तरांची यादी देतच नाहीत. उत्तर बरोबर कशावरून, हे गटानेच ठरवायचं. तू यादी खुशाल जवळ ठेव, पण उत्तर तपासायचं साधन त्यांच्या हातात दे. घर्षण नसलेल्या उतारावरच्या ठोकळ्याचं त्वरण काढताना निम्मी मुलं साइनच्या जागी कोसाइन लिहितात. त्यांना म्हण, ‘उताराचा कोन शून्य करून बघ.’ कोसाइन घेतला तर सपाट टेबलावर ठेवलेला ठोकळा आपोआप सुसाट सुटतो! हे एकदा पाहिलेला मुलगा पुढे तुला विचारायच्या आधी कोन शून्य करून बघतो, नव्वद करून बघतो, एकक जुळतंय का ते बघतो. पण कुणी अर्धा तास झगडून, तपासून उत्तर आणलं आणि विचारलं, तर ‘हो, बरोबर आहे’ म्हणून टाक. तिथे अडवून धरणं निष्ठुरपणाचं होईल. गुण मिळणार असलेल्या गृहपाठाला मात्र हात लावायचा नाही. त्याच धर्तीचं दुसरं उदाहरण घेऊन बस.

आणखी एक, जे तू विचारलं नाहीस. गुण तुझ्या हातात नाहीत म्हणून मुलं तुला शिक्षकांना न सांगितलेलं सांगतात. ‘मला पहिल्या आठवड्यापासून काहीच कळलेलं नाही’ हे वाक्य तुझ्यापाशीच येणार. ते सरांपर्यंत जरूर पोचव, पण ‘बऱ्याच जणांना सदिशांपासूनच अडतंय’ अशा शब्दांत. नाव घेऊ नकोस. कधी कुणी अभ्यासापलीकडचं, जिवाला लागलेलं बोललं, तर ते एकटीने सांभाळू नकोस. समुपदेशकांकडे त्याच्यासोबत चालत जा.

प्रश्न : मी गणिताच्या गटाला मदत करतो. एक मुलगा न चुकता येतो, कोपऱ्यात बसतो, इतरांचं ऐकून वही भरतो आणि जातो. नाव घेऊन विचारलं की लाल होतो. त्याला बोलतं कसं करू?
— गटाचा साहाय्यक

उत्तर : आधी नाव घेऊन विचारणं थांबव. यायची सक्ती नसताना तो येतोय, म्हणजे त्याला इथून काहीतरी मिळतंय. १९७०च्या दशकात अमेरिकेत बर्कली इथल्या विद्यापीठात युरी ट्राइसमन यांनी कॅल्क्युलसच्या विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर अभ्यास करताना पाहिलं. नापास होणाऱ्यांपैकी अनेक जण तासन्‌तास अभ्यास करत होते, पण एकटे. ज्यांचं चांगलं चाललं होतं ते एकत्र बसून एकमेकांची उत्तरं ताडून पाहत होते. तुझा मुलगा निदान त्या खोलीपर्यंत पोचला आहे. त्याची घाई करू नकोस.

बोलायच्या आधी हाताला काम दे. मी फळ्याशी गट उभा करायचो आणि गप्प राहणाऱ्याच्या हातात खडू द्यायचो, ‘हे सांगतील तशी तू आकृती काढ.’ त्याला बोलावं लागत नाही, पण आकृती काढायची म्हणजे ऐकलेलं तपासावं लागतं. इतरांनी चुकीचं सांगितलं की त्याचा खडू थांबतो. तो थांबला की तू बघ, बाकीचेही बघतील, आणि कुणीतरी ‘का थांबलास?’ म्हणेल. तो प्रश्न तू विचारू नकोस, त्यांच्यापैकी कुणाला तरी विचारू दे. गट चारांचा असेल तर त्याला आधी एकाच जोडीदाराबरोबर बसव, शक्यतो स्वतःही अडखळत सोडवणाऱ्याबरोबर. भराभर सोडवणाऱ्याशेजारी बसवलंस तर तो आहे तशीच वही भरत राहील.

तीन-चार तास असं करून बघ आणि खडू कुठे थांबला ते मला कळव. त्यावरून त्याला नेमकं काय अडतंय ते बघू.