निप्सी हसल ऐकायला सुरुवात करताय? आधी एवढंच करा

निप्सी हसल हा अमेरिकन रॅपर. बहुतेक नवे श्रोते थेट त्याचा २०१८ चा 'व्हिक्टरी लॅप' लावतात. अल्बम सुंदरच आहे, पण तो प्रवासाचा शेवटचा टप्पा. तिथून सुरुवात केली की या माणसाने काय कमावलं ते दिसतं, कसं कमावलं ते कळत नाही.

म्हणून आधी 'क्रेनशॉ' (२०१३) ऐका. लॉस अँजेलिसच्या ज्या भागात तो वाढला, त्याचंच हे नाव. ही मिक्सटेप, म्हणजे अल्बमपेक्षा अनौपचारिक असा गाण्यांचा संच, इंटरनेटवर फुकट होती, तरी तिच्या १,००० सीडी त्याने प्रत्येकी १०० डॉलरला विकायला काढल्या. प्रसिद्ध रॅपर जे-झीने एकट्याने १०० घेतल्या! फुकट मिळणाऱ्या गाण्यांसाठी लोक पैसे का मोजतात, हा प्रश्न मनात ठेवून ऐका. माझ्या मते त्याची सगळी कारकीर्द त्यातच आहे.

दोन चुका टाळा:

- स्वतंत्र कलाकार म्हणजे एकटा, असं समजू नका. त्याचं स्वतःचं 'ऑल मनी इन' लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी होती, तरी 'व्हिक्टरी लॅप'साठी त्याने अटलांटिक या मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी भागीदारी केली. खरा मुद्दा मास्टरच्या, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाच्या मालकीचा.
- ३१ मार्च २०१९ ला त्याच्याच दुकानाबाहेर झालेल्या हत्येच्या व्हिडिओंपासून सुरुवात करू नका. आधी त्याचा आवाज ओळखीचा होऊ द्या.

करार, टक्केवारी, वितरण हे सगळं नंतर. पहिला महिना फक्त ऐका. एखाद्या ओळीचा अर्थ लागला नाही तर बिनधास्त विचारा.