सेलमधलं तिकीट, बदललेली वेळ आणि क्रूझ

प्रश्न : आम्ही चौघं, मी, मिस्टर, नणंद आणि नंदोई, पुढच्या महिन्यात सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझवर जातोय. मुंबई–सिंगापूर विमानाची तिकिटं सेलमध्ये स्वस्त मिळाली म्हणून एका ट्रॅव्हल ॲपवरून काढली, दोन-दोनची वेगवेगळी. मूळ विमान रात्री साडेअकराचं होतं, सकाळी पोचून दुपारी निवांत जहाजावर जाणार होतो. आता मेसेज आलाय की विमान दुसऱ्या दिवशी सकाळी 8 ला निघेल आणि तिथल्या 4 ला पोचेल. जहाज 5 ला सुटतं! मेसेजखाली ‘ॲक्सेप्ट’चं बटन आहे. मिस्टर म्हणतात, ‘दाबी दे नि मोकयी हुई जाय, तासभर शे ना हातमां.’ ॲपवाले म्हणतात विमान कंपनीला विचारा, कंपनीवाले म्हणतात ॲपला विचारा, आणि तिकीट नॉन-रिफंडेबल आहे म्हणे. काय करू?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, ते बटन आधी दाबू नका, आणि दादांनाही फोन देऊ नका! ॲक्सेप्ट केलं की नवी वेळ तुम्हाला मंजूर आहे असा अर्थ होतो आणि मग पुढे काही मागायला गेलात की तो तुम्ही स्वतः केलेला बदल धरतात, म्हणजे चार्ज लागणार.

आता तो तासभर. 5 ला सुटणारं जहाज म्हणजे 5 पर्यंत चढता येतं असं नाही, प्रवाशांची यादी आणि इमिग्रेशन आधी पूर्ण व्हावं लागतं म्हणून चेक-इन साधारण तास-दीड तास आधीच बंद होतं. तुमचं विमान 4 ला टेकणार, मग इमिग्रेशनची लाइन, बॅगा, टॅक्सीने बंदरापर्यंत अर्धा तास. जहाज म्हणजे आपली एसटी नाही, कंडक्टरला हात दाखवून थांबवायला.

नॉन-रिफंडेबलचं म्हणाल तर ती अट तुम्ही स्वतः तिकीट कॅन्सल केलंत तर आहे. इथे वेळ कंपनीने बदललीय, त्यामुळे तिकीट सेलचं असो की पूर्ण भाड्याचं, एवढा मोठा बदल असेल तर बहुतेक कंपन्या स्वतःच्या अटींप्रमाणे त्यांचं दुसरं विमान फुकटात देतात किंवा पैसे परत करतात. डीजीसीए, म्हणजे विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं, त्यांचा नियमही विमान रद्द झालं तर दुसरं विमान नाहीतर रिफंड असाच आहे, फक्त दोन आठवडे आधी कळवलेलं असेल तर वर नुकसानभरपाई मिळत नाही, तेव्हा त्या आशेवर राहू नका.

पण माझं ऐकाल तर रिफंड एवढ्यात घेऊच नका. सगळे इथेच फसतात. पैसे परत मिळतील ते सेलच्या भावाने आणि आज नवीन तिकीट काढाल ते आजच्या भावाने, वरचा फरक कोण देणार? शिवाय ॲपची कन्व्हिनियन्स फी सहसा परत येत नाही ती वेगळीच. म्हणून मागायची ती सीट, त्याच कंपनीच्या आदल्या दिवशीच्या विमानात. फोन करायच्या आधी कंपनीच्या साइटवर बघून ठेवा कोणत्या विमानात चार सीट रिकाम्या दिसतात, त्याचा नंबर लिहून घ्या आणि नेमकं तेच मागा. ‘काहीतरी ॲडजस्ट करा ना’ म्हटलं की समोरचा त्याच्या सोयीचं देतो. ‘शेड्यूल चेंज तुमच्याकडून झालाय, इनव्हॉलंटरी चेंज आहे, चार्ज न लावता या विमानात घ्या’ एवढं वाक्य पाठ करा (इनव्हॉलंटरी म्हणजे तुम्ही न मागता झालेला).

ॲप आणि कंपनीची टोलवाटोलवी चालूच राहणार, त्यावर उपाय म्हणजे दोघांना एकाच ईमेलमध्ये घ्या. पीएनआर, जुनी वेळ, नवी वेळ, जहाजाची वेळ, हवं असलेलं विमान, सोबत क्रूझचं बुकिंग जोडा. तरी हलले नाहीत तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका, ग्राहक हेल्पलाइन 1915 पण आहे.

तुमची दोन बुकिंगं आहेत म्हणजे पीएनआर दोन, फोनवर दोन्ही सांगा, नाहीतर तुम्ही दोघं सिंगापुरात आणि नणंदबाई मुंबईत (कोणाकोणाला चालेलही ते, असो). चौघांची नवीन ई-तिकिटं मेलवर आली की मगच अमळनेर–मुंबई रेल्वेचं रिझर्व्हेशन बदलून आधीच्या गाडीचं करा. सिंगापुरात एक रात्र हॉटेल लागेल, तो खर्च कंपनी देणार नाही, जहाज चुकण्यापेक्षा स्वस्तच पडेल.

प्रश्न : विमान लेट होऊन क्रूझ चुकली तर ट्रॅव्हल इन्शुरन्समधून पैसे मिळतात का?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : पॉलिसीवर आहे. विमान आणि क्रूझ वेगवेगळी बुक केली असेल तर जहाज चुकल्याचे पैसे विमान कंपनीकडून मिळतील असं धरून चालू नका, क्रूझवाले तर ‘नो शो’ म्हणजे प्रवासी आलाच नाही असं दाखवून मोकळे. पॉलिसी घेताना ‘मिस्ड कनेक्शन’ किंवा ‘मिस्ड डिपार्चर’ कव्हर आहे का आणि त्यात जहाज धरलंय का ते बघा, आणि विमानाला किमान किती तास उशीर झाला तर लागू होतं तेही. महिनाभर आधी कळवलेला बदल उशिरात धरतात का हे एजंटला लेखी विचारा, तोंडी नको. विमान आणि क्रूझ एकाच टूर कंपनीकडून पॅकेजमध्ये घेतलं असेल तर मात्र पहिला फोन त्यांनाच करायचा.