नुसते बोलून नैराश्य कसे बरे होईल?

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला काही महिन्यांपासून नैराश्याचा त्रास आहे. मानसोपचारतज्ज्ञांनी औषधे दिली असून सोबत थेरपीही घ्यावी असे सुचवले आहे. तिचे म्हणणे असे, की बोलायला घरी तुम्ही सगळे आहात. परक्या माणसाशी बोलून आजार कसा बरा होणार? तिला काय सांगावे?

उत्तर : मन मोकळे करण्याची जागा एवढीच थेरपीची ओळख असेल, तर तुमच्या बहिणीची शंका रास्तच आहे. ‘माझा कुणाला काही उपयोग नाही’ असे ती म्हणाली की तुम्ही मायेपोटी लगेच ‘असे बोलू नकोस’ म्हणत असाल. थेरपिस्ट मात्र त्याच वाक्यापाशी थांबतात आणि हा विचार केव्हा आला, त्याआधी काय घडले, त्याला आधार कोणता आणि त्याच्या विरोधात जाणाऱ्या कोणत्या गोष्टी नजरेआड झाल्या, हे तिलाच शोधायला लावतात. नैराश्यात स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयी असे विचार आपोआप उमटतात व न तपासताच खरे मानले जातात, हे १९६०च्या दशकात अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी मांडले. आज सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारी थेरपी) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपचाराचा पाया त्यातूनच घातला गेला.

मला स्वतःला त्याहून मोलाचा वाटतो तो वर्तनावरचा भर. नैराश्यात उत्साह आटतो म्हणून माणूस कामे, भेटीगाठी, छंद सोडत जातो. ते सुटल्यामुळे समाधानाचे क्षणही कमी होतात, आणि मन आणखी खचते. घरचे लोक याला आळस समजतात, हे फार दुःखद आहे. थेरपीत हे चक्र कृतीच्या बाजूने तोडले जाते : बरे वाटेल तेव्हा करू असे न म्हणता, दहा मिनिटे चालणे किंवा एखाद्या मैत्रिणीला फोन करणे इतके छोटे काम दिवस-वेळ ठरवून करायचे आणि आधी व नंतर मनःस्थिती कशी होती याची नोंद ठेवायची. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन आणि सहकाऱ्यांच्या १९९६ मधील अभ्यासात एवढा वर्तनाचा भागही संपूर्ण सीबीटीइतकाच परिणामकारक ठरला होता. नैराश्यामागे एखाद्याचा मृत्यू किंवा नात्यातला तणाव असेल, तर नातेसंबंधांवर केंद्रित असलेली निराळी पद्धतही उपयोगी पडते.

औषधे मात्र तिने परस्पर बंद करू नयेत. तीव्र किंवा दीर्घकाळच्या नैराश्यात दोन्ही उपचार एकत्र घेतल्यास बहुधा अधिक लाभ होतो, आणि थेरपीत शिकलेली कौशल्ये आजार पुन्हा उलटण्याचा धोका कमी करतात. सीबीटीची साधारण १२ ते २० सत्रे होतात. पहिल्या एक-दोन भेटींत फरक जाणवला नाही म्हणून ती सोडू नये, पण काही आठवड्यांनंतरही त्या थेरपिस्टशी सूर जुळत नसेल तर तसे स्पष्ट सांगून दुसरे शोधण्यात गैर काही नाही. मरणाचे विचार ती बोलून दाखवू लागली, तर पुढच्या सत्राची वाट न पाहता, तिला एकटे न सोडता, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

थेरपीने बरे वाटेलच अशी हमी तिला देऊ नका. चार-पाच भेटी करून मग ठरव, एवढेच सुचवा. पहिल्या भेटीला हवे तर सोबत जाऊन बाहेर बसा, मात्र आत काय बोलणे झाले हे तिने आपणहून सांगितल्याशिवाय विचारू नका.