डेल्टा ब्लूज कोठून ऐकायला घ्यावे
डेल्टा ब्लूज म्हणजे अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या डेल्टा भागातील कृष्णवर्णीयांचे गिटारवरचे लोकसंगीत. ते ऐकताना त्याचा सर्वांत प्रसिद्ध गायक रॉबर्ट जॉन्सन याच्यापासून सुरुवात करू नका. त्याची ध्वनिमुद्रणे १९३६-३७ची, म्हणजे बरीच नंतरची आहेत. आधी चार्ली पॅटन ऐका. मिसिसिपीतील डॉकरी या कापसाच्या मळ्यावर राहिलेल्या या गायकाला जॅक्सनमधील दुकानदार एच. सी. स्पीअर याने हेरले आणि जून १९२९मध्ये त्याचे पहिले ध्वनिमुद्रण दूर इंडियानातील रिचमंडला, पॅरामाउंट या तबकड्या काढणाऱ्या कंपनीसाठी झाले. (ही कंपनी मुळात खुर्च्यांच्या कारखान्याची उपशाखा!) ज्यांवरून तबकड्या छापल्या जात ते पॅरामाउंटचे मूळ धातूचे साचे जवळजवळ उरलेले नसल्याने आज आपण ऐकतो ते झिजलेल्या तबकड्यांवरून उतरवलेले असते, त्यामुळे खरखरीला कंटाळू नका, तेच गाणे तीन-चार वेळा ऐकल्यावर गिटारचा ठेका तिच्यातून वेगळा ऐकू येऊ लागतो. त्यानंतर डेल्टाचाच गायक सन हाउस याची १९३०मध्ये विस्कॉन्सिनमधील ग्राफ्टनला झालेली ध्वनिमुद्रणे घ्यावीत.